फूड प्रोसेसिंग

सांगलीला आमच्या घरी कुणी माझी चौकशी केली की आईचं एक ठरलेलं उत्तर असायचं. "तो तिकडे फूड प्रोसेसिंगमध्ये आहे." समोरचा माणूस "अरे वा, म्हणजे लोणची-पापड वगैरे का?" असं विचारायचा. आई "हां, तसलंच काहीतरी" म्हणून चहा टाकायला आत निघून जायची.

आईला काय बोलू, मीही इथे तेच केलंय. इतकी वर्षं लिहितोय, सॅक्रामेंटोच्या उन्हाळ्यावर लिहिलं, मुलीच्या मोडक्यातोडक्या मराठीवर लिहिलं, परसातल्या कढीलिंबावर तर दोनदा लिहिलं! पण दिवसाचे बारा तास मी नक्की काय करतो, हे "नोकरी सोडली, आता छोटासा व्यवसाय आहे" या एका वाक्यात उरकलं. तर मंडळी, तो छोटासा व्यवसाय असा: मी बिअर करतो. म्हणजे एका भागीदाराबरोबर एक लहानशी ब्रुअरी चालवतो. 2017 पासून.

हे वाचणाऱ्यांत आते आहे, दोन मामा आहेत, पुण्याची चुलतभावंडं आहेत. काहींना ठाऊक आहे, काहींनी ठाऊक नसल्याचं सोंग नीट वठवलंय. आज लिहितोय त्याला एक कारण घडलं, ते शेवटी येईलच. आधी लपवायचं काय होतं ते सांगतो.

माझे धाकटे काका 1994 साली गेले. मी दहावीत होतो. काका अडतीस वर्षांचे. कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी उच्चारत नसे. मला पेटी शिकवणारे, गणपतीत आरास करणारे, सायकलच्या दांड्यावर बसवून कृष्णाकाठी नेणारे काका आधी शनिवारी प्यायचे, मग रोज, मग सकाळपासून. नोकरी गेली. पेटीही गेली, विकली त्यांनी. शेवटच्या दिवसांत डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आजी उशाशी बसून असायची, काही बोलायची नाही. तेराव्यानंतर आईने बाबांना आणि मला समोर बसवून एकच वाक्य सांगितलं, "या घरात बाटली येणार नाही."

त्या घरातला मुलगा मी. मला स्वतःला हे जमवून घ्यायला बरीच वर्षं लागली, आणि पूर्ण जमलंय असं आजही म्हणणार नाही.

सुरुवात मात्र बाटलीने झाली नाही, वासाने झाली. 2012 मधली गोष्ट. शेजारी पेशाने प्लंबर, सुट्टीच्या दिवशी गराजमध्ये बिअर बनवणारा. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्रीय कायद्याची परवानगी मिळाली ती 1978 साली, अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने. अंमल 1979 पासून. एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर 200. एका शनिवारी मी त्याची शिडी परत द्यायला गेलो, तर त्याने एका मोठ्या पातेल्याचं झाकण उचललं आणि मी होतो तिथेच थबकलो. तो वास नाचणीच्या सत्त्वाचा होता!

आजी सत्त्व करायची ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळून वस्त्रगाळ करायची. मग ते शिजताना जो गोडसर, भाजक्या धान्याचा वास सुटायचा तो अगदी स्वयंपाकघराच्या भिंतींत मुरलेला होता. शेजाऱ्याला विचारलं हे काय? तो म्हणाला, बार्ली. मोड आणून वाळवलेली. तिला माल्ट म्हणतात. म्हणजे आजी जे करायची तेच की! धान्याला मोड आले की त्याच्या पोटात पाचक रसायनं तयार होतात, एन्झाइम्स. कोंबाला खायला मिळावं म्हणून ती पिठाची साखर करायला निघतात. आपण ती वाळवून मधेच थांबवायची. पुढे गरम पाण्यात, साधारण 65 ते 67 अंशांवर, तासभर ठेवलं की ती पुन्हा जागी होतात आणि पिठाची साखर करून टाकतात. सत्त्वाची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ होते आणि बाळांना पचते, त्याच्यामागेही हेच. पुढचा रस्ता तेवढा वेगळा. ते गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्सची फुलं घालून तासभर उकळायचं, गार करायचं आणि विरजण लावायचं. हे विरजण म्हणजे यीस्ट. ते साखर खातं आणि दारू आणि वायू करतं.

मी त्या दिवशी घरी आलो तो डोक्यात हेच घेऊन. बायको म्हणाली, "शिडी द्यायला चार तास?"

पुढची पाच वर्षं आम्ही दोघांनी गराजमध्ये घालवली. मी आकडे लिहायचो, तो नळ जोडायचा. ही विभागणी आजही तशीच आहे. मला पिण्यापेक्षा करण्यात रस होता, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता मलाही पाठ झालंय. पण ते खरं आहे. एकच कृती सलग नऊ वेळा करून पाहिली होती मी, तापमान दोन दोन अंशांनी बदलून. वहीत आहे सगळं.

आमच्यापासून नव्वदएक मैलांवर चिको गाव आहे. तिथे सिएरा नेवाडा नावाची ब्रुअरी आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथली तांब्याची चकचकीत भांडी बघून देवळात आल्यासारखं वाटलं, आणि त्याहून जास्त परिणाम तिच्या जन्मकथेचा झाला. केन ग्रॉसमन या माणसाने 1976 साली चिकोत घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी सामानाचं दुकान काढलं. 1979 मध्ये पॉल कॅमूसीला भागीदार घेऊन ब्रुअरी उभारायला घेतली. पैसे नव्हतेच. लहान ब्रुअरीसाठी यंत्रं तेव्हा कुणी विकतही नसे. मग यांनी बंद पडलेल्या दूध डेअऱ्यांच्या टाक्या आणल्या, शीतपेयाच्या कारखान्यातलं जुनं बाटल्या भरायचं यंत्र आणलं, आणि ग्रॉसमन स्वतः वेल्डिंग शिकून ते जोडत बसला. 1980 च्या नोव्हेंबरात पहिली बिअर शिजली. आणि मग त्यांची पेल एल मनासारखी, दर वेळी सारखीच, येईना म्हणून दहाएक घाणे त्यांनी ओतून दिले. उधारीवर उभा असलेला धंदा, आणि माल गटारात!

त्याच वेळची दुसरी गोष्ट सोनोमाची. जॅक मॅकऑलिफ नावाचा माजी नौसैनिक. स्कॉटलंडमध्ये नेमणूक असताना तिथल्या बिअरची चटक लागली, परत येऊन 1976 मध्ये त्याने न्यू अल्बियन काढली. मोठ्या कंपन्यांनी सगळा देश व्यापला होता त्या काळात शून्यातून स्वतःच्या हाताने उभी केलेली ही छोटी ब्रुअरी, आजच्या सगळ्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांची आजीच म्हणा. बिअर चांगली होती, नाव झालं होतं, लोक लांबून बघायला यायचे. आणि 1982 मध्ये ती बंद पडली. कारण? एका वेळी दीड बॅरल. एक बॅरल म्हणजे सुमारे 117 लिटर. कष्ट तेवढेच, माल इतका थोडा की खर्च निघेना, आणि वाढायला भांडवल कुणी देईना. ग्रॉसमनने ते जवळून पाहिलं होतं, आणि स्वतःची सुरुवात दहा बॅरलने केली.

या दोन गोष्टी मी भागीदाराला इतक्या वेळा ऐकवल्या की तो शेवटी म्हणाला, मग आपण मधे राहू. आम्ही सात बॅरलची भांडी घेतली. सेकंडहँड, दुसऱ्या राज्यातल्या एका बंद पडलेल्या ब्रुअरीतून. ट्रकमधून ती उतरवताना एका टाकीवर कुणीतरी मार्करने लिहिलेलं दिसलं, पहिल्या घाण्याची तारीख. आमच्या आधीच्या माणसाचं स्वप्न होतं ते. मी पुसलं नाही. अजून आहे.

पैसे: दोघांची बचत, माझ्या घरावर काढलेलं कर्ज आणि बँकेचं कर्ज, मिळून चार लाख डॉलरच्या आसपास. बायकोने सही केली त्या रात्री ती काहीच बोलली नाही, फक्त मुलीच्या खोलीत जाऊन झोपली. कागदपत्रं: केंद्राचा परवाना, राज्याचा परवाना, गावाचा परवाना, सांडपाण्याचा वेगळा, बोटांचे ठसे, पैसा कुठून आला त्याचा हिशेब. आणि दारावर महिनाभर नोटीस, की इथे मद्याचा परवाना मागितलेला आहे, कुणाची हरकत असल्यास कळवा. त्या नोटिशीखाली माझं नाव. त्याच रस्त्यावर भारतीय वाणसामानाचं दुकान! महाराष्ट्र मंडळातले निम्मे लोक तूरडाळ आणायला तिथूनच जातात. त्या महिन्यात मंडळातल्या एका काकूंनी गणपतीच्या प्रसादाचा मोदक माझ्या हातावर ठेवता ठेवता विचारलं, "काय म्हणतोय तुमचा कारखाना?" कारखाना शब्द किती प्रकारे उच्चारता येतो ते त्या दिवशी कळलं.

एक चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं होतं? पुण्यात डुलालीवाल्यांनी 2009 मध्येच सुरू केलंय." बरोबर होतं त्याचं. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी ती. त्याच्या आवाजात कौतुक होतं की टोमणा ते मला आजही कळलेलं नाही.

आईला मी स्वतः सांगितलं. फोनवर. खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं. जेवलास का?" आणि पुढच्याच आठवड्यात मी फूड प्रोसेसिंगमध्ये गेलो.

ब्रुअरी म्हटलं की लोकांना वाटतं दाढीवाले लोक ग्लास उजेडात धरून उभे आहेत. खरं काम म्हणजे भांडी घासणं. अक्षरशः. पहाटे पाचला गमबूट चढवायचे, नळी घ्यायची आणि टाक्या धुवायच्या. आधी कॉस्टिक, मग पाणी, मग निर्जंतुक करणारं आम्ल. मॅश झाल्यावर शेकडो किलो ओला चोथा फावड्याने उपसायचा. तो एक गाईवाला घेऊन जातो, फुकट. त्याच्या गाई आमचा ट्रक ओळखतात. सोळा वर्षं संगणकासमोर बसलेल्या माझ्या पाठीने पहिल्या वर्षी जे भोग भोगले ते लिहीत नाही.

दुसरा धडा हिशेबाचा. मोठं पिंप, म्हणजे अर्धा बॅरल, बाहेरच्या बारला विकलं तर आम्हाला साधारण 190 डॉलर मिळायचे. तेच पिंप आमच्याच टॅपवर, सात डॉलरला ग्लास या भावाने, फेस आणि सांडलवंड वजा जाता सातशेच्या वर. मग माणूस बाहेर विकतो कशाला? कारण बाहेर आपलं नाव दिसतं. दर महिन्याला नवीन बार, नवीन दुकान, नकाशावर नवीन टाचणी! आम्हीही तीन वर्षं टाचण्या लावत बसलो. माल दुप्पट झाला, दोन टाक्या वाढवल्या, एक मुलगा नोकरीला ठेवला, आणि वर्षअखेरीस हातात आधीपेक्षा कमी उरलं. वाढ आणि सूज यांतला फरक ताळेबंदातच दिसतो, आणि तो पाहायला वेळ नव्हता, कारण आम्ही वाढत होतो.

मग 2020 चा मार्च आला. दार बंद. टॅपवरची विक्री शून्य. राज्याने बिअर डब्यात भरून रस्त्याच्या कडेला गाडीत नेऊन द्यायची मुभा दिली, त्यावर आम्ही जगलो. डबे भरायचं यंत्र ट्रकवर घेऊन फिरणारे लोक असतात, ते दोन आठवड्यांनी यायचे. गिऱ्हाईक मास्क लावून काच खाली करायचं, मी मागच्या सीटवर खोका ठेवायचो. काही लोक गरज नसताना घ्यायचे, हे कळायचं. त्यांचे उपकार आहेत.

आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये एका बाईंचा फोन आला. गराजमध्ये ठेवलेला आमच्या आयपीएचा एक डबा फुटला. कुणाला लागलं नव्हतं. त्या रागावल्याही नव्हत्या, फक्त म्हणाल्या, "माझा नातू तिथे खेळतो, म्हणून सांगितलं."

मी राखून ठेवलेले डबे काढले. उन्हाळ्यात आमच्याकडे चाळीस अंश सहज होतं, म्हणून काही डबे मुद्दाम गरम जागी ठेवत असू, ते आधी पाहिले. वरचं झाकण फुगून घुमटासारखं झालेलं. आतल्या बिअरची घनता मोजली. भरताना 1.012 होती, आता 1.006. म्हणजे डब्यात अजून काहीतरी साखर खात होतं. बिअरमध्ये काही साखरी अशा उरतात की नेहमीचं यीस्ट त्यांना हात लावत नाही. पण यीस्टचा एक भाऊबंद आहे, डायस्टॅटिकस. तो त्याही तोडून खातो. हळूहळू, आठवडेच्या आठवडे, आणि बंद डब्यात वायूचा दाब वाढवत जातो. तो आला कुठून? आमच्याच घरातून. त्याआधी त्या टाकीत आम्ही सेझोन नावाची बेल्जियन पद्धतीची बिअर केली होती, तिच्या विरजणात हा गुण असतो. टाकी धुतली होती. पण खालच्या एका व्हॉल्व्हमधला रबरी वायसर काढून धुतला नव्हता. वहीत त्या दिवशीच्या साफसफाईपुढे माझी सही आहे.

दोन घाण्यांचा माल एका टाकीत होता. साधारण तीन हजार डबे. त्यातले निम्म्याहून जास्त चौदा दुकानांत. खात्यात एकतीस हजार डॉलर, आणि परत मागवायचा खर्च, नुकसान सगळं धरून अठरा हजार.

भागीदार आणि माझं त्या रात्री झालं तसं भांडण आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. तो म्हणत होता, दुकानदारांना सांगू की फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत ते यीस्ट झोपतं, आणि माल दोन आठवड्यांत खपून जाईल. शास्त्र म्हणून ते चूक नव्हतं. चव तर बिघडलीही नव्हती, थोडी कोरडी झाली होती इतकंच. त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या घराचा हप्ता होता. माझ्या डोळ्यांसमोर तो नातू होता असं लिहिलं तर छान दिसेल. पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर काका होते. देशीच्या दुकानात त्यांना ग्लास भरून देणारा माणूस मला आठवत होता. लहानपणी आजीने निरोप देऊन पाठवलं की मी त्यांना तिथून बोलवायला जायचो. तो माणूस वाईट नव्हता. मला गोळी द्यायचा. फक्त आपण दिलेल्या वस्तूचं पुढे काय होतं हा आपला प्रश्न नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर कायम लिहिलेलं असायचं. तो चेहरा मला माझ्यावर नको होता.

हे मी भागीदाराला पहिल्यांदाच सांगितलं, नऊ वर्षांच्या ओळखीनंतर. तो बराच वेळ बसून राहिला. मग उठून दुकानांची यादी काढली. "सात तू, सात मी," म्हणाला.

दारावर कागद लावला, काय झालं, का झालं, चूक कुणाची, सगळं लिहून. पैसे परत. जवळजवळ सगळे डबे आले. आता गंमत अशी की तीन हजार डबे बिअर गटारात ओतताही येत नाही. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला ते एकदम झेपत नाही, त्यांना विचारून, थोडं थोडं, पाणी मिसळून सोडावं लागतं. आम्ही दोघं आणि तो नोकरीवरचा मुलगा चार दिवस डबे फोडत होतो. हाताला कापलेल्या रेघा दिवाळीपर्यंत होत्या. त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी चार महिने पगार घेतला नाही, आणि नकाशावरच्या टाचण्या काढून टाकल्या. आज आमची बहुतेक बिअर आमच्याच दारात विकली जाते. चार दुकानं ठेवली आहेत. वर्षाला सहाशे बॅरलच्या आसपास करतो. याहून मोठं व्हायचं नाही असं ठरवलंय. मॅकऑलिफइतकं लहान राहून मरायचं नाही आणि वाढून फुटायचंही नाही.

पण काकांचा हिशेब डबे परत मागवून संपत नाही. तो रोज संध्याकाळी चार वाजता दार उघडून येतो. माझं खरंच एक रोजचं गिऱ्हाईक होतं. साठीचा, सभ्य, कोपऱ्यात बसणारा. आधी एक, मग तीन, मग आमच्याकडे यायच्या आधीच कुठेतरी घेऊन आलेला. नशेत दिसणाऱ्याला द्यायची नाही हा तर कायदाच आहे, पण तो नशेत दिसायचा नाही. काकाही दिसायचे नाहीत. फक्त ग्लास उचलताना डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे. एक दिवस यानेही तसं धरलं.

मी बाजूला बसून त्याला काकांबद्दल सांगितलं. उद्यापासून तुम्हाला सोडा देईन, गप्पा मारीन, बिअर देणार नाही. तो अतिशय शांतपणे म्हणाला, "तुम्ही विकणारे. तुम्ही मला शिकवू नका." आणि गेला. वाक्य बरोबर होतं, म्हणून अजून टोचतं. नंतर एकदा वाणसामानाच्या रांगेत दिसला, दोघांनी मान हलवली. कसा आहे, पितो का, माहीत नाही. आमच्याकडे आला नाही.

तेव्हापासून आम्ही एक साडेतीन टक्क्यांची हलकी बिअर कायम ठेवतो, रात्री नऊला बंद करतो, आणि पाणी न मागता टेबलावर येतं. याने कुणी वाचतं का? ठाऊक नाही. मी चांगलं काहीतरी करतो असं मला बहुतेक दिवस वाटतं. काही दिवस वाटत नाही. ज्या दिवशी कधीच प्रश्न पडणार नाही त्या दिवशी हा धंदा सोडावा, इतपत मी येऊन पोचलोय.

2023 च्या उन्हाळ्यात आई आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी ब्रुअरीचा विषय काढला नाही, तिनेही नाही. तीन आठवड्यांनी एका सकाळी साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभी. "चल, बघू तरी काय करतोस."

मॅश चालू होता. ती आत आली आणि दोन पावलांवर थांबली, अगदी मी थांबलो होतो तशीच. "अरे, हे सत्त्व आहे."

"हो."

"सासूबाई करायच्या तसलं."

"हो गं आई."

तिने मूठभर माल्ट हातात घेतलं, दोन दाणे चावून पाहिले, टाक्यांवरून हात फिरवला, वायसर कुठला ते विचारून घेतलं (बायकोने फितुरी केली होती!) आणि वाकून तो नीट पाहिला. प्यायली अर्थातच नाही, मी विचारलंही नाही. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, "तुझा काका वाईट नव्हता रे." तीस वर्षांत तिच्या तोंडून मी हा विषय पहिल्यांदा ऐकत होतो. "त्याला कुणी नाही म्हणालं नाही. आम्ही घरात ओरडलो, पण जिथे पितो तिथे जाऊन कुणी नाही म्हणालं नाही. मीसुद्धा. तुला पाठवायचो, पोराला." थोड्या वेळाने, "त्या माणसाला तू नाही म्हणालास, ते बरं केलंस. पुढचं त्याच्या हातात."

मी तिला सांगणार होतो की ते पुरेसं नाही. पण ती गाईवाल्याच्या ट्रककडे बघत होती. चोथा फुकट देतो म्हटल्यावर मात्र तिला फार लागलं. "पेंडीचे भाव बघितलेस का काय झालेत ते?"

आता ते कारण. गेल्या डिसेंबरात आतेबहिणीच्या मुलाचं लग्न झालं, मिरजेला. मला जाता आलं नाही. पंगतीत कुणीतरी आईला विचारलं, धाकटा काय करतो सध्या? तिथे हजर असलेल्या तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी मला फोन करून जे सांगितलं ते जुळतंय, म्हणून खरं धरतो. आई म्हणाली, "बिअर करतो. एकदा खराब झाली तर तीन हजार डबे ओतून दिले." आणि श्रीखंड वाढणाऱ्याला हाक मारली.